पाय थकले ते कोणत्या वर्षी?

क्रिकेटच्या दोन टोकांच्या यष्ट्यांमधलं अंतर बावीस यार्ड, म्हणजे २०.१२ मीटर. ज्या देशाने हा खेळ जगाला दिला, त्याच देशाच्या अपंगत्व भत्त्याच्या नियमांत जवळजवळ हेच अंतर मापदंड होऊन बसलं आहे. उभं राहून वीस मीटरच्या पुढे ज्याला चालवत नाही, त्याला ब्रिटनचं सरकार २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ७७ पौंड ५ पेन्स देतं. वर्षाचे चार हजार पौंड झाले. तुमचं उत्पन्न किती, बँकेत किती शिल्लक, मुलगा काय कमावतो, यातलं काहीही विचारत नाहीत. या रकमेवर कर नाही. मोजणीसुद्धा समजूतदारपणे करतात. एकदा कसेबसे पंचवीस मीटर गेलात आणि मग तासभर उठता आलं नाही, तर ते चालणं धरत नाहीत. सुरक्षितपणे, बऱ्यापैकी नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत जमलं तरच जमलं म्हणायचं.

इथवर सगळं ठीक. पण ही रक्कम मागायची तर स्टेट पेन्शनचं वय गाठण्याआधी मागावी लागते. एप्रिल २०२६ पर्यंत ते वय सहासष्ट, तिथून पुढे ते हळूहळू वाढतं. त्या वाढदिवसाआधी अर्ज केला आणि भत्ता मंजूर झाला, तर तो पुढे सत्तरीत, ऐंशीत, अगदी नव्वदीतही चालू राहू शकतो. वाढदिवस उलटून गेल्यावर पाय गेले, तर चालण्यासाठी म्हणून एक पेनीही नाही.

लेस्टरच्या एका रस्त्यावर शेजारीशेजारी राहणारे दोन गृहस्थ डोळ्यांपुढे आणा. दोघंही बहात्तरचे. दोघांना पार्किन्सन्स, दोघांची अवस्था आज सारखीच. सकाळी कपडे चढवायला माणूस लागतो, रात्री कुशीवर वळवायला लागतो, आणि फाटकापर्यंत जायचं म्हणजे मोहीम. पहिल्याचा आजार त्रेसष्टाव्या वर्षी कळला आणि चौसष्टाव्या वर्षी त्याचं चालणं जवळजवळ थांबलं. दुसऱ्याला हे सगळं अडुसष्टाव्या वर्षी सुरू झालं. पहिल्याला पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट, म्हणजे ज्याला तिथले लोक नुसतं ‘पिप’ म्हणतात, तो भत्ता मिळतो. २०२५-२६ च्याच दराने रोजच्या जगण्याच्या मदतीचे ११० पौंड ४० पेन्स, चालण्याचे ७७ पौंड ५ पेन्स, मिळून आठवड्याला १८७ पौंड ४५ पेन्स. शिवाय चालण्याचा भत्ता वळता करून घेतलेली एक मोटार दारात उभी. दुसऱ्याला अटेंडन्स अलाउन्स, जास्तीत जास्त ११० पौंड ४० पेन्स. मोटार नाही. डॉक्टर कदाचित एकच असेल, गोळ्याही त्याच असतील. फरक आजारात नाही, तो कोणत्या वर्षी आला यात आहे.

हे ऐकल्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया ‘हा काय न्याय झाला?’ अशी असते. माझीही होती. पण या नियमाच्या मुळाशी उतरत गेलं की तो कोणा एका माणसाने बसून ठरवलेला वाटत नाही. वेगवेगळ्या दशकांत, वेगवेगळ्या माणसांच्या धडपडीतून एकावर एक थर साचत गेले आहेत.

पहिला थर पेन्शनचा. १९०८ च्या कायद्याने ब्रिटनमध्ये पहिल्यांदा म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन मंजूर झालं आणि १ जानेवारी १९०९ रोजी पोस्टाच्या खिडक्यांवर ते वाटलं गेलं. वय सत्तर, रक्कम आठवड्याला पाच शिलिंग, आणि तीही गरिबांपुरती. वृद्धापकाळाची सोय अशी झाली; अपंगत्वाची मात्र झाली नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, बेव्हरिज यांचा सामाजिक विम्यावरचा गाजलेला अहवाल आला. त्यातून उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत विमा भरणारा कामगार होता, युद्धात जखमी झालेला सैनिक होता, कारखान्यात हात गमावलेला मजूर होता. जन्मतः अपंग असलेला माणूस मात्र जवळपास नव्हता. आणि घर सांभाळणारी, पगार नसलेली, मल्टिपल स्क्लेरोसिसने अंथरुणाला खिळत चाललेली बाई तर नव्हतीच. तिने कधी विमा भरला नाही, मग तिला काय म्हणून द्यायचं, असा सरळ हिशेब होता.

नेमक्या अशाच दोन बायकांनी १९६५ मध्ये ‘डिसेबलमेंट इन्कम ग्रुप’ नावाची संघटना काढली. मेगन ड्यु बॉइसन आणि बेरिट मूर. दोघी गृहिणी, दोघींना मल्टिपल स्क्लेरोसिस. त्यांचं म्हणणं इतकं साधं होतं की ते आधी कोणाला सुचलं कसं नाही याचंच नवल वाटतं: अपंगत्व कशामुळे आलं ते विचारू नका, त्याचा खर्च किती होतो ते विचारा. ड्यु बॉइसन यांचा १९६९ मध्ये मोटार अपघातात मृत्यू झाला, त्यामुळे या मागणीचं पहिलं फळ त्यांना पाहता आलं नाही. डिसेंबर १९७१ मध्ये अटेंडन्स अलाउन्स सुरू झाला. विम्याचा हप्ता भरला असो वा नसो, ज्याला दुसऱ्याच्या हाताची गरज आहे त्याला हा भत्ता. आज दुसऱ्या शेजाऱ्याला मिळतो तो हाच, पन्नास वर्षांहून जुना.

मग चालण्याचं काय? त्याची सोय वेगळ्या वाटेने झाली आणि तिचं चाक अक्षरशः तीन चाकांवरून फिरलं. सरकार अपंग माणसांना एक फिकट निळी, तीन चाकांची गाडी फुकट द्यायचं. तिला इन्व्हाकार म्हणत. फायबरग्लासचं अंग, स्टिअरिंगच्या चाकाऐवजी बऱ्याचदा हाताचा दांडा, आणि बसायला जागा एकच. फक्त एक! म्हणजे आई अपंग असेल तर तिने मुलाला शेजारी घ्यायचं नाही, नवरा अपंग असेल तर बायकोने बसने यायचं. जो गाडी चालवूच शकत नाही त्याला तर काहीच नाही. रस्त्यावर जोराचा वारा सुटला की ही गाडी हेलकावे खायची, तेव्हा सुरक्षिततेची बोंब होतीच. १९७४ मध्ये आल्फ मॉरिस हे अपंगांसाठी नेमलेले ब्रिटनचे पहिले मंत्री झाले, आणि १९७६ मध्ये गाडीऐवजी रोख रक्कम देणारा मोबिलिटी अलाउन्स आला: आठवड्याला पाच पौंड. टॅक्सी करा, शेजाऱ्याच्या पेट्रोलला द्या, साठवून गाडी घ्या, तुमची मर्जी. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, मोटॅबिलिटी ही धर्मादाय संस्था उभी राहिली. तुमचा भत्ता परस्पर तिच्याकडे वळवायचा आणि बदल्यात ती विमा, दुरुस्ती, टायर यांच्यासकट चारचाकी भाड्याने देणार. आज आठ लाखांवर लोक या योजनेत आहेत. उरलेल्या सरकारी इन्व्हाकार २००३ मध्ये रस्त्यावरून उठवण्यात आल्या. आता त्या संग्रहालयात आणि हौशी लोकांच्या गॅरेजात सापडतात.

वयाची मेख ठोकली गेली ती या मोबिलिटी अलाउन्समध्ये. सुरुवातीला तर तो पेन्शनच्या वयाला बंदच व्हायचा. विचार असा, की म्हातारपणी सगळ्यांचंच चालणं मंदावतं, मग सगळ्यांनाच द्यावं लागेल. पण पाच-दहा वर्षं ज्याने या पैशावर घराबाहेर पाऊल टाकलं, त्याला वाढदिवसाच्या दिवशी पुन्हा घरात कोंडायचं कसं? म्हणून मुदत पंचाहत्तरपर्यंत वाढवली. लोक पंचाहत्तरच्या जवळ पोचू लागले तेव्हा ती ऐंशी केली. माणसं पुढे चालली होती आणि नियम त्यांच्या मागून धापा टाकत येत होता! अखेर १९९२ मध्ये डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स आला तेव्हा वरची मर्यादा काढून टाकली: मिळायला लागला की मिळत राहणार. दाराची चौकट मात्र तिथेच राहिली. आत यायचं ते पासष्टच्या आत. २०१३ मध्ये पिप आला, वीस मीटरचा कडक निकषही त्याच्याबरोबर आला आणि त्यावरून बराच गदारोळ झाला, पण वयाची चौकट कोणी काढली नाही, ती पेन्शनच्या वयाबरोबर सरकली एवढंच.

आता ‘चालू राहतं’ म्हणजे नक्की काय चालू राहतं, हे पाहायला हवं, कारण इथे बरेच जण गोंधळतात. ब्रिटनमध्ये आजारी किंवा अपंग माणसाला मिळणारे पैसे दोन जातींचे असतात. एक, काम करता येत नाही म्हणून पगाराच्या जागी मिळणारे. ते पेन्शनच्या वयाला थांबतात; त्यांची जागा पेन्शन घेतं. दुसरे, अपंगत्वामुळे जो जादा खर्च येतो त्यासाठीचे. घर जास्त वेळ गरम ठेवावं लागतं, टॅक्सी लागते, कपडे धुण्याची यंत्रं सतत चालू असतात, माणूस ठेवावा लागतो. वाढदिवस झाला म्हणून हा खर्च कमी होत नाही, म्हणून हे पैसे पेन्शनच्या जोडीने मिळत राहतात. पेन्शनमधून ते कापत नाहीत. उलट एक गंमत आहे. कमी उत्पन्नाच्या वृद्धांना पेन्शन क्रेडिट नावाचा आधार मिळतो. त्याचा हिशेब करताना अपंगत्व भत्ता उत्पन्न म्हणून धरत नाहीत. शिवाय माणूस एकटा राहत असेल आणि त्याला सांभाळण्याबद्दल दुसरं कोणी सरकारी भत्ता घेत नसेल, तर आधाराची पातळी २०२५-२६ च्या दराने आठवड्याला ८२ पौंड ९० पेन्सने वर सरकते. म्हणजे अटेंडन्स अलाउन्स मागितला नाही तर केवळ तोच बुडतो असं नाही, त्याच्यामागून येणारं दुसरंही बुडतं.

पहिल्या शेजाऱ्याकडे परत येऊ, कारण त्याच्याही कथेत पाचर आहे. वाढदिवसानंतर त्याचा रोजच्या मदतीचा भत्ता वाढू शकतो. चालण्याचा वाढू शकत नाही. समजा वाढदिवसाच्या दिवशी त्याला वीस मीटरच्या पुढे पण पन्नासच्या आतच जाता येत होतं आणि म्हणून चालण्याचा लहान दर, २०२५-२६ च्या हिशेबाने २९ पौंड २० पेन्स, मिळत होता. पुढे तो चाकाच्या खुर्चीत बसला. तरी दर तोच. सरकारच्या दप्तरात त्याचे पाय वाढदिवसाच्या दिवशी जसे होते तसेच राहतात. फेरतपासणीत दर कमी होऊ शकतो, रद्दही होऊ शकतो, वर मात्र जात नाही. त्यामुळे तिथले सल्लागार एक सावधगिरी हमखास सांगतात: आंघोळ-जेवणाची अडचण वाढली म्हणून कळवायला जाल, तर सगळाच भत्ता पुन्हा तपासायला निघू शकतो, चालण्याचासुद्धा. आधी कोणाशी बोला, मग फोन करा.

आणि स्वयंपाक! मला या सगळ्यात सर्वांत चकित केलं ते स्वयंपाकाने. पिपच्या अर्जात रोजच्या जगण्याच्या दहा गोष्टी विचारतात, त्यांतली पहिलीच स्वयंपाकाची: ताज्या भाज्या घेऊन एका माणसापुरतं साधं जेवण तुम्हाला करता येतं का? चिरता येतं का, शिजवता येतं का, मदत लागते का? त्याला गुण आहेत. अटेंडन्स अलाउन्सच्या हिशेबात मात्र जेवण रांधून द्यावं लागणं धरतच नाहीत. हा भत्ता ‘शरीराच्या क्रियांसाठी’ लागणाऱ्या मदतीचा; आणि शरीराच्या क्रिया कोणत्या, हा प्रश्न १९८१ मध्ये न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांच्यासमोर आला. एका वृद्ध बाईंना स्वयंपाक जमत नव्हता, मुलगी करून घालत होती. डेनिंग यांनी यादी केली: श्वास घेणं, ऐकणं, पाहणं, खाणं, पिणं, चालणं, बसणं, झोपणं, अंथरुणात शिरणं आणि उठणं, कपडे घालणं आणि काढणं, शौच. स्वयंपाक त्यात नाही, कारण घरातला एक जण सगळ्यांसाठी तो करतोच. १९८४ मध्ये, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही तेच उचलून धरलं. घास तोंडात भरवावा लागला तर शरीराची क्रिया. तोच घास शिजवून द्यावा लागला तर घरकाम. आपल्याकडच्या कुठल्याही घरात ज्या बाईने दोन्ही केलं आहे, तिला हे न्यायशास्त्र समजावून दाखवा. तेव्हा त्या दोन शेजाऱ्यांमधला फरक नुसता चालण्यापुरता राहत नाही. अर्ज कोणत्या वयात केला, यावर त्यांचं अपंगत्व वेगवेगळ्या मापांनी मोजलं जातं. शिवाय अटेंडन्स अलाउन्ससाठी मदतीची गरज सहा महिने टिकलेली असावी लागते, पिपला आधीचे तीन महिने पुरतात आणि पुढचे नऊ महिने गरज राहील असं दिसावं लागतं. आयुष्याचे शेवटचे बारा महिने उरलेत असं डॉक्टरने लिहून दिलं तर ही वाट पाहणं दोन्हीकडे माफ.

अशी रेघ ठेवण्याचं सरकारी समर्थन काय? तरुणपणी अपंगत्व आलं तर कमावण्याची, साठवण्याची वर्षंच हातून जातात. उतारवयात आलं तर माणसाने आधी कमावून ठेवलेलं असतं. म्हणून ज्याचं आधी गेलं त्याला जास्त. मला यात तथ्य वाटतं, पण अर्धंच. विसाव्या वर्षी अपंगत्व आलेल्या माणसाची आणि सत्तराव्या वर्षी आलेल्याची तुलना केली तर हे पटतं. पासष्ट वर्षं अकरा महिने आणि सहासष्ट वर्षं एक महिना यांची केली तर हसू येतं. या दोन महिन्यांत कोणी काय साठवलं?

ही रेघ स्वतःही स्थिर नाही. एप्रिल २०२६ ते एप्रिल २०२८ या काळात पेन्शनचं वय हळूहळू सहासष्टवरून सदुसष्टवर जातं आहे. ५ एप्रिल १९६० ला जन्मलेल्याला पेन्शन सहासष्टाव्या वाढदिवशी. ६ एप्रिलला जन्मलेल्याला महिनाभर उशिरा. आणि ६ मार्च १९६१ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सदुसष्ट पुरी झाल्यावर. यावर ब्रिटनमध्ये सर्वत्र कुरकुर आहे आणि ती रास्त आहे. पण एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाही: पेन्शन जितकं लांबतं, तितकी पिप मागायची खिडकीही जास्त दिवस उघडी राहते. पेन्शनचा तोटा हा भत्त्याचा फायदा.

आणि रेघेच्या पलीकडे असण्याचाही एक फायदा आहे. २०१९ पासून पेन्शनचं वय उलटलेल्या पिपधारकांना वारंवार तपासणीला बोलावत नाहीत. मुदतीविना भत्ता आणि दहा वर्षांनी एक हलकी विचारपूस, असा साधारण रिवाज आहे. मार्च २०२५ मध्ये सरकारने पिपचे निकष आवळायचा प्रस्ताव मांडला, तेव्हाही पेन्शनच्या वयाच्या माणसांना त्यातून वगळलं होतं. तो प्रस्ताव जुलैमध्ये सत्ताधारी पक्षाच्याच खासदारांच्या बंडामुळे विधेयकातून मागे घ्यावा लागला, ही वेगळी गोष्ट. नव्या माणसाला आत येऊ न देणारी भिंतच आतल्यांचा वारा अडवते.

स्कॉटलंडने या बाबतीत आपली चूल वेगळी मांडली आहे. तिथे पिपच्या जागी अ‍ॅडल्ट डिसेबिलिटी पेमेंट आहे, आणि अटेंडन्स अलाउन्सच्या जागी २०२५ च्या एप्रिलपासून सर्वत्र पेन्शन एज डिसेबिलिटी पेमेंट. नाव बदललं, कार्यालय बदललं, अर्जाची भाषा म्हणे सौम्य झाली. चालण्याचे पैसे मात्र या नव्या भत्त्यातही नाहीत.

आता आपल्या माणसांकडे वळू. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. साठ-सत्तरच्या दशकांत जे मराठी डॉक्टर, अभियंते, नर्सेस तिकडे गेले, ते आज याच वयाच्या टप्प्यात आहेत किंवा तो ओलांडून गेले आहेत. त्यांच्यातल्या कित्येकांच्या मनात निवृत्तीनंतर पुण्याला किंवा कोकणात परतायचा बेत असतो, आणि तिथे हा विषय आपल्या दारात येतो. ब्रिटनचं स्टेट पेन्शन भारतात मिळतं, पण इथे स्थायिक झालात की ते गोठतं. दरवर्षीची वाढ मिळत नाही. पिप आणि अटेंडन्स अलाउन्स तर कायमचं भारतात आल्यावर बंदच होतात. नातवंडांना भेटायला, लग्नकार्याला यायचं असेल तर तेरा आठवड्यांपर्यंतची गैरहजेरी चालते, वैद्यकीय उपचारासाठी आला असाल तर सव्वीस. उलट बाजूने, इथून आईवडिलांना तिकडे नेलं आणि लगेच अर्ज केला, असंही होत नाही. मागच्या १५६ आठवड्यांपैकी १०४ आठवडे तिथे राहिल्याचा नियम आहे, आणि सरकारी भत्ते मिळणार नाहीत असा शिक्का व्हिसावर असेल तर तो वेगळाच अडसर.

तुमची आत्या, मामा, जुना वर्गमित्र तिकडे असेल आणि पासष्टीच्या आसपास असेल, तर पुढच्या फोनवर तब्येतीच्या चौकशीबरोबर एवढं विचारा: गुडघे, कंबर, हाताचा कंप, डोळे, यांपैकी काही महिन्यांपासून रोजच्या कामाला अडवतंय का? अडवत असेल तर पिपचा अर्ज पेन्शनचं वय गाठण्याआधी करायला सांगा. तो फोनवरून सुरू करता येतो. ते वय उलटून गेलं असेल तर अटेंडन्स अलाउन्स मागायला सांगा, आणि अपंगांना गाडी लावायला सवलत देणारा निळा बिल्लाही, कारण त्याला वयाची अट नाही. आपली माणसं ‘आम्हाला कशाला, आमचं चाललंय ना’ म्हणत गप्प बसतात. तो भत्ता दानधर्म नव्हे, कायद्याने दिलेला हक्क आहे, आणि न मागणाऱ्याला तो कोणी घरी आणून देत नाही.